पापणीचा दोष आणि दृष्टीचा प्रश्न

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या विमानतळाचा रस्ता व बाह्य वर्तुळमार्ग जेथे एकमेकांस मिळतात, तेथे मारतहळ्ळी ही वस्ती आहे. एके काळचे हे खेडे आता संगणक-उद्योगाच्या पसाऱ्यात पार मिसळून गेले असून नोकरीनिमित्त येऊन राहिलेली मराठी कुटुंबेही येथे आढळतात. वस्तीपासून थोडे पुढे, वर्तूर रस्त्यावर कुंदलहळ्ळी फाट्यापाशी, शंकरा नेत्र रुग्णालय २००८ पासून चालू आहे. कोइमतूर येथे १९७७ मध्ये आरंभ झालेल्या एका धर्मादाय आरोग्यकार्याची ही शाखा होय. गावोगावच्या शिबिरांतून निवडलेले रुग्ण येथे बसने आणले जातात, त्यांच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया होते आणि तिचा खर्च बऱ्याच अंशी फी देणाऱ्या रुग्णांकडून मिळणाऱ्या उत्पन्नातून भागविला जातो. मोतीबिंदूचे काम अर्थातच सर्वांत मोठे. परंतु पापणी, अश्रुमार्ग आणि नेत्रगोल ज्या हाडांच्या खोबणीत बसतो ते नेत्रकोटर, यांच्या विकारांवरही तेथे उपचार होतात.

याच परिसरातील रस्त्यांवर सौंदर्यचिकित्सेच्या पाट्याही दिसतात. सैल पापणी ताठ करणे, डोळ्यांखालचा फुगवटा काढणे, मुद्रा तरुण करणे, ही त्यांची आश्वासने होत. एकाच अवयवावरील शस्त्रक्रिया एका ठिकाणी नेत्रवैद्यकाचा भाग ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी शृंगाराचा. यात विसंगती अशी नाही. दोन्ही प्रकारची गरज समाजात असू शकते. अडचण वेगळीच आहे. पापणीचा दोष म्हणजे चेहऱ्याचा दोष, आणि चेहऱ्याचा दोष म्हणजे सवडीने पाहावयाची गोष्ट, ही समजूत सामान्य जनतेत, शाळांत, विमाकंपन्यांच्या कागदपत्रांत आणि काही वेळा वैद्यांतही इतकी रुजली आहे की, तिच्यापायी डोळे जात आहेत.

पापणी हा डोळ्यावरचा पडदा असे सहज म्हटले जाते. पण पडद्याला इतकी कामे नसतात. पापणीवरील त्वचा सबंध शरीरात सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते. तिच्याखाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू, त्याच्या मागे घट्ट तंतूंची एक पट्टी आणि सर्वांत आत, नेत्रगोलास लागून, ओलसर श्लेष्मस्तर अशी तिची रचना आहे. तंतूंची पट्टी वरच्या पापणीत मध्यभागी सुमारे १० मिलिमीटर उंच असते, खालच्या पापणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. या पट्टीत तैलग्रंथींची एक रांग उभी असते. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंच्या थरावर पसरते व तो थर वाळू देत नाही. मनुष्य मिनिटास सुमारे १५ ते २० वेळा पाते लववितो. दर वेळी स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरील काचेसारखा पारदर्शक भाग, पुसला जातो, नव्या अश्रूंनी माखला जातो आणि जुने अश्रू नाकाकडील कोपऱ्यातील सूक्ष्म छिद्रांतून ओढून घेतले जातात. संगणकाच्या पडद्याकडे एकटक पाहणाऱ्याचे पाते लवणे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मारतहळ्ळीच्या कचेऱ्यांतून डोळे कोरडे पडल्याची तक्रार निघते ती यामुळेच. स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नाहीत. त्याचा पारदर्शकपणा पापणीच्या या अविरत चाकरीवर अवलंबून असतो. चाकरी थांबली की प्रथम कोरडेपणा, मग जखम, मग जंतुसंसर्ग आणि अखेर पांढरा डाग, म्हणजेच फूल, असा क्रम लागतो. त्या डागातून कितीही निरोगी जालपटलास काही दिसू शकत नाही.

पापणीच्या सर्व दोषांत सर्वाधिक हेळसांड होते ती जन्मतः पडलेल्या पापणीची. वरची पापणी उचलणारा स्नायू काही मुलांत गर्भावस्थेतच नीट घडत नाही. त्याच्या जागी तंतू व चरबी राहते. असे मूल जन्मते तेव्हा एक पापणी, क्वचित दोन्ही, अर्ध्यावर लोंबलेली असते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, मोठे झाल्यावर आपोआप सुधारेल. वस्तुतः जो स्नायू घडलाच नाही तो वयाने घडत नाही. दोन्ही पापण्या पडलेले मूल चालू लागले की हनुवटी उंच धरून, भुवया ताणून, कपाळावर आठ्या पाडून पापणीच्या कडेखालून जग पाहते. शाळेत त्याची मान ताठ म्हणून ते गर्विष्ठ ठरते किंवा डोळे अर्धवट मिटलेले म्हणून झोपाळू. खरे तर ती उंच मान शुभचिन्हच म्हणावी लागेल. मूल डोळ्याचा उपयोग करण्याची धडपड करीत आहे एवढे तिच्यावरून कळते. ज्या मुलाची एकच पापणी पडलेली आहे आणि तरी जे मान सरळ ठेवून निवांत बसते, त्याची काळजी अधिक करावयास हवी. कारण त्याने तो डोळा सोडून दिलेला असण्याचा संभव असतो.

हे सोडून देणे म्हणजे काय, याचा उलगडा ज्या प्रयोगाने झाला तो प्रयोग पापणीचाच होता. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या नवजात पिलांच्या एका डोळ्याच्या पापण्या टाके घालून मिटवून ठेवल्या आणि काही आठवड्यांनी त्या उघडल्या. त्यांचे हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळा आतून जवळजवळ निर्दोष होता. प्रकाश जालपटलापर्यंत पोचत होता. परंतु मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्या डोळ्याकडून आलेल्या संदेशास प्रतिसादच देत नव्हत्या. त्या साऱ्या उघड्या राहिलेल्या दुसऱ्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या. हाच प्रयोग पूर्ण वाढलेल्या मांजरावर केला असता असे काही घडले नाही. पाहणे मेंदूला बालपणीच शिकावे लागते व ती शिकण्याची मुदत संपते, हे यावरून सिद्ध झाले. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मानवी मुलात ही मुदत ढोबळमानाने सात-आठ वर्षांची मानतात; तीतही पहिली दोन-तीन वर्षे फार मोलाची. पापणीने बाहुली झाकली असेल तर मेंदू त्या डोळ्यास विसरू लागतो. बाहुली पूर्ण झाकलेली नसली तरी पापणीच्या दाबाने स्वच्छमंडलाचा आकार वाकडा होऊन प्रतिमा धूसर पडते आणि परिणाम तोच होतो. यालाच मंददृष्टी म्हणतात. तिच्यावर उपाय आहे: योग्य चष्मा, चांगला डोळा दररोज काही तास झाकून दुर्बल डोळ्यास कामास लावणे, आणि आडवी येणारी पापणी वर उचलणे. पण हे सर्व मुदतीत व्हावयास हवे.

आता महाराष्ट्रात व कर्नाटकात सारखीच आढळणारी एक रीत पाहावी. मुलीची पापणी पडलेली असेल तर तिला शल्यविशारदाकडे नेण्याची आठवण बहुधा लग्न ठरविण्याच्या वेळी होते. वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलीची पापणी कुशल हात दीड तासात उचलून देतील. छायाचित्रात दोन्ही डोळे सारखे दिसतील. मंददृष्टी एव्हाना पक्की झाली असेल, तर उचललेल्या पापणीखालचा डोळा मात्र आयुष्यभर तसाच अंधुक राहील. जी शस्त्रक्रिया चौथ्या वर्षी दृष्टी वाचवू शकली असती ती बाविसाव्या वर्षी खरोखरच निव्वळ सौंदर्याची होऊन बसते. म्हणजे पापणीचे काम सौंदर्याचे आहे ही समजूत स्वतःच आपला पुरावा निर्माण करते.

शस्त्रक्रियेची निवड कशी होते हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तपासणारा भुवईवर अंगठा दाबून धरतो, म्हणजे कपाळाची मदत मिळत नाही, आणि मुलास आधी खाली व मग वर पाहावयास सांगतो. पापणीची कड किती मिलिमीटर सरकली हे साध्या पट्टीने मोजले जाते. निरोगी माणसात ती सुमारे १५ मिलिमीटर सरकते. स्नायूत थोडे बळ असेल तर त्याचा काही भाग कापून तो आखूड करतात. हालचाल चार मिलिमीटरच्या आत असेल तर आखूड करून उपयोग नसतो. तेव्हा पापणी कपाळाच्या स्नायूस टांगतात. टांगण्यासाठी मांडीतील बळकट आवरणाची पट्टी किंवा सिलिकोनची बारीक दोरी वापरली जाते. मांडीची पट्टी टिकाऊ, पण ती काढण्याजोगी मांडी मूल तीन-चार वर्षांचे झाल्यावरच होते. म्हणून तान्ह्या मुलाची बाहुली झाकलेली असेल तर दोरीवर काम भागवितात. या शस्त्रक्रियेनंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो व रात्री मलम घालावे लागते. पापणी दुसऱ्या डोळ्याशी तंतोतंत जुळेल असे वचन कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहणे बरे. उलटपक्षी, पापणी जेमतेम दोन मिलिमीटर खाली असून दृष्टी व चष्म्याचा अंक दोन्ही डोळ्यांत सारखा असेल, तर सुरी लावण्याची घाई नको. दर सहा महिन्यांनी तपासणी पुरे.

प्रत्येक पडलेली पापणी शल्यविशारदाची नसते, हेही येथेच सांगावयास हवे. वृद्धांत उचलणाऱ्या स्नायूची कंडरा सैल होऊन पापणी हळूहळू उतरते. तेथे शस्त्रक्रिया योग्य. पण पापणी सकाळी ठीक व संध्याकाळी पडते असे असेल तर स्नायूंच्या दुर्बलतेचा सार्वदेहिक विकार शोधावा लागतो. ती एकाएकी पडली, डोके दुखू लागले, बाहुली मोठी झाली व एकाचे दोन दिसू लागले, तर मेंदूतील धमनीला फुगा आला असण्याची शंका घेऊन त्याच घटकेस मोठे रुग्णालय गाठावे. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला व त्याच्या दोन्ही पापण्या उघडेनात, तर तो मण्यारीचा दंश समजावा, मग दाताची खूण सापडो वा न सापडो. मण्यारीच्या दंशाला वेदना जवळजवळ नसते. विषाचे पहिले दर्शन पापणीतच घडते आणि नंतर श्वास थांबतो. कोकणातील व घाटावरील कित्येक खेड्यांत एवढे एक लक्षण ठाऊक असते तर काही जीव वाचले असते.

पापणी उघडत नाही याहूनही ती मिटत नाही हे अधिक भयंकर. चेहऱ्याच्या तंत्रिकेला इजा झाली की डोळा मिटणारा स्नायू निकामी होतो. थंडीवाऱ्याने तोंड वाकडे झाले असे ज्याला लोक म्हणतात त्या विकारात ही इजा बहुतांशी काही आठवड्यांत भरून येते. तोवर थेंब, मलम व रात्री चिकटपट्टी यांवर डोळा राखता येतो. कुष्ठरोगात मात्र दुहेरी संकट असते. चेहऱ्याची तंत्रिका गेल्याने डोळा मिटत नाही आणि स्वच्छमंडलाची संवेदना नेणारी तंत्रिका गेल्याने त्यात कण गेला, जखम झाली, तरी रुग्णास दुखत नाही. वेदनाच नसल्याने तो दवाखान्यात जात नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन स्थापन केले तेव्हापासून महाराष्ट्राला कुष्ठरुग्णाची बोटे परिचयाची झाली. त्याचे डोळे तितकेसे झाले नाहीत. ज्याच्या बोटांना स्पर्श उरलेला नाही त्याची दृष्टीही गेली तर त्याचे जगाशी नाते कशाने राहावे? इजा नवी असताना, सुमारे सहा महिन्यांच्या आत, औषधांनी तंत्रिका सावरण्याची पुष्कळ आशा असते. त्यानंतर शस्त्रक्रिया. पापण्यांचे बाहेरील कोपरे शिवून फट अरुंद करणे ही सर्वांत साधी. कानशिलावरील चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापण्यांपर्यंत आणून बसविणे ही अधिक कुशल. दुसऱ्या प्रकारात रुग्ण दात चावतो तेव्हा डोळा मिटतो. त्याला तशी सवय लावावी लागते. भारतात कुष्ठरोग सार्वजनिक समस्या राहिलेला नाही अशी घोषणा २००५ च्या अखेरीस झाली असली तरी दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जात आले आहेत. त्यांच्या पापणीवर टाका घालणे सौंदर्याचे काम आहे असे कोण म्हणेल?

आत वळलेल्या पापणीची कहाणी अधिक सुखाची आहे. खुपऱ्या या जंतुरोगात लहानपणी वारंवार डोळे येतात, पापणीच्या आतल्या बाजूस व्रण पडतात, ते आकसतात आणि तारुण्य ओसरताना पापणीची कड आत वळून केस बुबुळावर घासू लागतात. प्रत्येक पात्यासरशी बुबुळावर कुंचला फिरावा अशी ही यातना असते. तिची ओळख आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे २१ विकार मोजलेले असून पक्ष्मकोप या नावाने या विकाराची शस्त्रक्रिया सांगितली आहे: भुवईखालील पापणीच्या त्वचेचा यवाच्या आकाराचा तुकडा काढावा, कडा केसाने शिवाव्या आणि टाक्यांचे धागे कपाळावर बांधलेल्या पट्टीस अडकवून पापणी बाहेर ओढून धरावी. आजचा शल्यविशारद व्रण पडलेली आतील पट्टीही छेदून फिरवितो. कड बाहेर वळविण्याचा हेतू तोच. मात्र खुपऱ्यांवर विजय मिळाला तो एकट्या सुरीने नव्हे. शस्त्रक्रिया, जंतुनाशके, तोंड धुण्याची सवय आणि पाणी-स्वच्छता या चारही बाजूंनी काम झाले. भारतात खुपऱ्यांवरील राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. पापणीच्या विकाराला राष्ट्राने अंधत्वाचे कारण मानले की काय साधते, याचे हे उदाहरण हाताशी आहे.

पापणीवरील गाठींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. रांजणवाडी सर्वांना ठाऊक आहे. ऊन शेक व स्वच्छता यांनी ती बहुधा बरी होते. तैलग्रंथीचे तोंड बंद होऊन न दुखणारी गाठ येते तीही शेकाने विरते, न विरल्यास आतील बाजूने छोटा छेद घेऊन खरवडून काढतात. परंतु वयस्क माणसाची गाठ त्याच जागी पुन्हा येऊ लागली, किंवा तेथील केस झडू लागले, तर काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच पाहिजे. गोऱ्या लोकांच्या देशांत पापणीच्या कर्करोगांत तैलग्रंथींचा कर्करोग विरळा. हैदराबादच्या एका मोठ्या नेत्रसंस्थेच्या ५३६ भारतीय रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोच निम्म्याहून अधिक आढळला. साध्या गाठीचे सोंग घेऊन तो महिनोन्‌महिने फसवितो. इंग्रजी पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या वैद्याने ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी.

कर्करोग काढल्यावर उरलेली पोकळी भरून नवी पापणी घडवावी लागते, आणि या विद्येचा इतिहास म्हैसूर व पुणे यांना जोडणारा आहे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवाला कैद झाला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच होता. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबईच्या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ते पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र वृत्तांत आला. त्यावरून स्फूर्ती घेऊन कार्पू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. आसपासची त्वचा देठासह वळवून पापणी घडविण्याची कला जर्मनीत १८२९ च्या सुमारास फ्रिके याने पुढे नेली. त्या कारागिराचे नाव वृत्तांतात नाही. कावसजीच्या नाकाला मात्र कोणी हौस म्हटले नाही.

नेत्रकोटराकडे वळले असता पापणीचे आणखी एक महत्त्व ध्यानात येते. सात हाडांची मिळून झालेली ही खोबण सुमारे ३० घनसेंटिमीटरची. त्यांपैकी जेमतेम ७ नेत्रगोलाने व्यापलेले असतात. बाकीच्या जागेत स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या व दृष्टितंत्रिका दाटलेल्या असतात. भिंती टणक असल्याने आत काहीही वाढले तरी त्याला वाट एकच, पुढे. डोळा पुढे येणे किंवा पापणी सुजणे हीच आतील बिघाडाची पहिली खबर होय. अवटू ग्रंथीच्या विकारात स्नायू फुगून डोळे वटारल्यासारखे दिसतात. दृष्टितंत्रिका चेपू लागल्यास कोटराचे काही हाड काढून जागा करून द्यावी लागते. क्रम ठरलेला असतो: आधी हाड, मग तिरळेपणा, शेवटी पापणी, आणि धूम्रपान चालू असेल तर तिन्हींचे यश डळमळते. बालकाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसत असताना तिकडे दुर्लक्ष झाले, तर तोच कर्करोग पुढे कोटरात उतरून डोळा बाहेर ढकलतो. आधी आले असते तर पुष्कळदा डोळा राखता आला असता, निदान जीव तरी खात्रीने.

ही खबर न वाचण्याची किंमत २०२१ च्या उन्हाळ्यात देशाने मोजली. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी या नावाने ओळखला गेलेला रोग नासाकोटरांतून नेत्रकोटरात शिरू लागला. गुजरात व महाराष्ट्र यांना त्याचा सर्वाधिक तडाखा बसला. नेत्रकोटराच्या तज्ज्ञांनी देशभरातून एकत्र केलेल्या २,८२६ रुग्णांच्या नोंदींत ७८ टक्क्यांना मधुमेह होता व ८७ टक्क्यांना स्टेरॉइड औषधे दिली गेली होती. आरंभी गाल दुखतो, नाकातून काळसर स्राव येतो, पापणी सुजते किंवा पडते. जागरणाने, शिणाने डोळा सुजला असेल, अशी समजूत करून घेतलेल्यांपैकी कित्येकांचा डोळा पापण्यांसह व कोटरातील सर्व ऊतींसह काढून टाकावा लागला. जीव वाचविण्यास दुसरा मार्ग उरला नव्हता. त्यांच्यासाठी चष्म्यास जोडलेले किंवा त्वचेस चिकटविलेले कृत्रिम नेत्र-मुख बनविता येते. तो दागिना नव्हे. त्याच्यामुळे माणूस पुन्हा बाजारात जातो, दुकान उघडतो, मुलाच्या शाळेत सभेला बसतो.

सौंदर्याची कामे क्षुद्र आहेत असा याचा अर्थ नाही. वर्गात ज्याला त्याच्या पापणीवरून टोपणनाव पडले आहे त्या मुलाचे दुःख खरे असते. आक्षेप आहे तो पापणीची शस्त्रक्रिया केवळ हौस म्हणून विकण्यावर, आणि ती हलकी, तासाभराची, निर्धोक असल्याचा भास निर्माण करण्यावर. खालच्या पापणीतील चरबी काढताना कोटरात रक्तस्राव झाला तर दाबाने दृष्टितंत्रिका निकामी होऊ शकते. असे क्वचित होते; परंतु झाल्यास काही घटकांतच टाके सोडून दाब कमी करणारा जाणता माणूस जवळ असावा लागतो.

पैशाच्या बाजूने पाहता चित्र चमत्कारिक आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या उपचारसूचीत पडलेली पापणी उचलणे, आत वा बाहेर वळलेली पापणी सुधारणे, अश्रुमार्गाची शस्त्रक्रिया, ही सर्व नेत्रशस्त्रक्रिया म्हणून नोंदलेली आहेत. सरकारने येथे अचूक भेद केला. खाजगी विमापत्रांत मात्र जन्मजात दोषांचे ‘अंतर्गत’ व ‘बाह्य’ असे दोन वर्ग असतात. शरीराच्या दृश्य भागावर असेल तो बाह्य, आणि बाह्य दोष अनेक विमापत्रांतून वगळलेला असतो. या व्याख्येने हृदयातील छिद्र आत पडते व पापणी बाहेर. कोणता दोष दृष्टी नेतो हे पाहण्याऐवजी कोणता दोष शेजाऱ्याला दिसतो हे पाहिले जाते. मारतहळ्ळीतील एखाद्या संगणकतज्ज्ञाचे मूल यामुळे उपचाराला मुकेल असे नाही. बाप पदरचे पैसे भरील. पण ‘वगळलेले’ हा शेरा वाचून तोही शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर टाकील, आणि नेमके हेच होता कामा नये.

गरिबाच्या मुलापुढील अडचण पैशाची नसून कोणाच्या नजरेस न पडण्याची आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासतात. जन्मजात दोषांच्या त्यांच्या यादीत नऊ नावे आहेत. त्यांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे; पडलेली पापणी नाही. दृष्टिदोष हा सदर पुढे येतो खरा, पण एक डोळा चांगला असलेले मूल त्या सदरात सहज अडकत नाही. ते फळ्यावरचे अक्षर न् अक्षर वाचते. दहावे नाव घालण्यास नवे यंत्र लागत नाही, की नवा वैद्य. अंगणवाडीतील दोन वर्षांच्या मुलाला अक्षरे येत नसली तरी त्याची परीक्षा होते: आधी पडलेल्या पापणीचा डोळा तळव्याने झाकावा, मग चांगला डोळा झाकावा. पहिल्या वेळी मूल खेळत राहिले आणि दुसऱ्या वेळी रडून हात झटकू लागले, तर त्याला त्याच महिन्यात नेत्ररुग्णालयात धाडावे.